कॅम्परव्हॅनने छत्रपती संभाजीनगर, वेरूळ आणि अजिंठा : प्रथमच निघणाऱ्यांसाठी

यादवांची देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद, राष्ट्रकूटांचे वेरूळ, वाकाटकांचा अजिंठा आणि मलिक अंबरने वसवलेले शहर ही चारही स्थळे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच आहेत, आणि राहण्याची, स्वयंपाकाची व झोपण्याची सोय असलेली गाडी, म्हणजेच कॅम्परव्हॅन, बरोबर असेल तर ती एकाच प्रवासात निवांतपणे पाहता येतात. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि अशा गाड्या भाड्याने मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. मात्र गाडी रात्री कुठे उभी करायची, पाणी कुठे भरायचे आणि शौचालयाची टाकी कुठे रिकामी करायची, याची तयार व्यवस्था मराठवाड्यात जवळजवळ नाही. त्यामुळे पाहण्याच्या स्थळांची यादी हाती घेण्यापूर्वी पाणी, गाडीची उंची आणि लेण्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या या तीन गोष्टींवर प्रवासाचा आराखडा बसवावा, असे माझे ठाम मत आहे. ज्यांनी हे आधी केले त्यांची सहल सुखाची होते, आणि ज्यांनी केले नाही त्यांचा निम्मा वेळ टँकर व पार्किंग शोधण्यात जातो.

पहिली पायरी : गाडी आणि कागदपत्रे

चार जणांच्या कुटुंबाला टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, सहा मीटरच्या आतबाहेर लांबीची गाडी पुरते. त्याहून मोठी गाडी मोहात पाडते, पण खुलताबाद परिसरातील घाट आणि गावांतून जाणारे रस्ते लक्षात घेतले तर लहान गाडीच बरी. स्वतः चालवायची असेल तर हलक्या मोटार वाहनाचा परवाना साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या गाडीला चालतो. तरीही नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजनाचा आकडा स्वतः वाचून घ्यावा. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेल्या गाडीची क्रमांकपाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पाटी पांढरी असेल तर ती गाडी खासगी वापरासाठी नोंदवलेली आहे, आणि ती भाड्याने घेतल्यास अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करू शकते. भाडेकरार, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि नोंदणी प्रमाणपत्र यांच्या छापील प्रती गाडीत ठेवाव्यात.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नये. पाण्याचा पंप, गॅसचा व्हॉल्व्ह, फ्यूज, इन्व्हर्टर, सांडपाण्याच्या टाकीचा कॉक, शौचालयाची काढून नेता येणारी टाकी आणि जादा चाक यांतील प्रत्येक गोष्ट मालकाला प्रत्यक्ष चालवून दाखवायला सांगावी आणि त्याचे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवावे. जॅक भरलेल्या गाडीचे वजन पेलणारा आहे का, हेही विचारावे. याच वेळी मोजपट्टी घेऊन गाडीची पूर्ण उंची मोजावी. कागदावर लिहिलेली उंची बहुधा मूळ गाडीची असते आणि छतावर नंतर बसवलेला एसी, सौर पॅनेल किंवा टाकी तीत धरलेली नसते. मोजलेला आकडा फुटांत लिहून चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावा. रस्त्यावरील लोखंडी कमानी, पेट्रोलपंपांची छपरे, झाडांच्या लोंबत्या फांद्या आणि गावातील सैल पडलेल्या विजेच्या तारा यांच्यापुढे हा आकडा दिवसातून अनेकदा उपयोगी पडतो.

दुसरी पायरी : हंगाम आणि वार ठरवणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सर्वांत चांगले. थंडीतल्या रात्री गाडीत एसी लागत नाही, आणि शेतावर ज्वारीचा हुरडा निघतो तोही याच दिवसांत. मार्च सरता सरता ऊन तापू लागते आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात पत्र्याची गाडी दुपारी राहण्याजोगी उरत नाही. पावसाळ्यात वेरूळचा डोंगर हिरवागार होतो आणि २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ, सीतेच्या न्हाणीपाशी, धबधबा कोसळतो. हे दृश्य पाहण्यासारखे खरेच आहे, परंतु पावसाळी मुक्कामाला काळ्या मातीची एक मोठी अडचण आहे, तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

वारांचा हिशेब चुकवून चालणार नाही. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा आठवडाभर उघडे असतात. म्हणून नवख्या प्रवाशांनी सोमवारी शहरात पोहोचावे आणि त्या दिवशी शहर पाहावे, मंगळवारी दौलताबाद करावे, बुधवारी वेरूळ, गुरुवार विसाव्यासाठी व राहिलेल्या स्थळांसाठी ठेवावा आणि शुक्रवारी अजिंठा गाठावा. या क्रमात दोन्ही लेण्यांची सुट्टी आड येत नाही आणि शनिवार-रविवारची गर्दीही टळते. श्रावण महिन्यात घृष्णेश्वराच्या दर्शनासाठी, विशेषतः सोमवारी, वेरूळचा रस्ता भरून जातो. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीकडे भाविक रात्रभर पायी चालत जातात. पैठणला फाल्गुनात नाथषष्ठीची यात्रा असते. भाविक म्हणून यायचे असेल तर या दिवसांसारखे दिवस नाहीत, पण मोठी गाडी घेऊन या दिवशी तिकडे जाऊ नये. रस्त्यावर चालणाऱ्यांचा हक्क पहिला आहे.

तिसरी पायरी : एकच मुक्काम, आणि तोही शहराबाहेर

पहिल्यांदा निघालेल्या माणसाला वाटते की चाकांवरचे घर आहे तर रोज नव्या ठिकाणी झोपावे. तसे करू नये. दौलताबाद शहरापासून साधारण १५ किलोमीटर आणि वेरूळ साधारण ३० किलोमीटर आहे. म्हणजे पहिल्या चार दिवसांना एकच मुक्काम पुरतो, आणि फक्त अजिंठ्यासाठी गाडी हलवावी लागते, कारण ते शहरापासून सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. दौलताबाद, माळीवाडा, खुलताबाद या पट्ट्यात मुक्काम केला तर किल्ला आणि लेणी दोन्ही जवळ पडतात.

मुक्कामासाठी पाच गोष्टी हव्यात: टणक जमीन, फाटक किंवा राखणदार, पिण्यायोग्य नसले तरी भरपूर पाणी, १५ अँपिअरचा सॉकेट आणि वापरता येईल असे शौचालय. कृषी पर्यटन केंद्रे आणि मोठे अंगण असलेली हॉटेले या कामी येतात, आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासांत आधी फोन करून विचारता येते. माझी मात्र नवख्यांना आग्रहाची सूचना अशी, की मंगल कार्यालयांकडे चौकशी करावी. त्यांच्याकडे वऱ्हाडाच्या गाड्यांसाठी पसरलेले मुरमाचे मैदान असते, बोअरचे पाणी, पक्की शौचालये, वीज आणि रखवालदार असतो, आणि लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी ही सारी जागा रिकामी पडलेली असते. वाजवी रक्कम ठरवून, किती माणसे आहेत, किती दिवस राहणार आणि गॅस कुठे पेटवणार हे मोकळेपणाने सांगितले तर व्यवस्थापक सहसा नाही म्हणत नाहीत. रक्कम आणि वीजवापराचे पैसे आधीच ठरवावेत. तिथी निघाली असेल तर बँडच्या आवाजात झोप लागणार नाही, म्हणून पंचांग पाहूनच तारीख घ्यावी.

स्मारकांच्या वाहनतळावर रात्र काढण्याचा विचार मनातून काढून टाकावा. ते वाहनतळ दिवसाच्या पर्यटकांसाठी आहेत. तसेच कुणाच्याही शेतात विचारल्याशिवाय गाडी घालू नये, आणि शेतकऱ्याने प्रेमाने होकार दिला तरी जमीन पाहूनच आत जावे. मराठवाड्यातील काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी घट्ट दिसते आणि एका चांगल्या सरीनंतर तीन टनांची गाडी चाकांच्या आसापर्यंत गिळते. मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ओढताना खालचे पाइप व टाक्यांचे कॉक तुटतात. रंग लालसर, पायाखाली खडे लागणारी मुरमाड जमीन पाहावी आणि गाडीचे तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून उभी करावी. आभाळ भरून आलेले असेल तर डांबरी किंवा काँक्रीटचा भाग सोडूच नये.

चौथी पायरी : पाणी, मैला आणि वीज

पाण्याविषयी जरा सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण हा टंचाईचा प्रदेश आहे. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयातून पाणी येते, तरीही शहरातील अनेक वसाहतींत नळाला रोज पाणी येत नाही आणि लोक टँकर विकत घेतात. खेड्यांत उन्हाळ्यात बाया-माणसे हापशावर रांगेत उभी असतात. अशा हापशावर किंवा सार्वजनिक टाकीवर गाडीची शंभर लिटरची टाकी भरणे, कुणी अडवले नाही तरी, योग्य नाही. पाणी मुक्कामाच्या जागीच, पैसे देऊन, भरावे आणि पिण्यासाठी २० लिटरचे जार घ्यावेत. शुद्ध पाण्याचे प्लांट बहुतेक मोठ्या गावांत आहेत. बोअरचे पाणी क्षारयुक्त असते, त्यामुळे ते गीझरमध्ये व पंपात पांढरा थर धरते. भरताना नळीच्या तोंडाला साधी गाळणी लावावी.

वापराचा हिशेब सोपा आहे. काटकसरीने माणशी १५ लिटर धरले तर चार जणांना दिवसाला ६० लिटर लागतात, आणि शंभर लिटरची टाकी दीड दिवस पुरते. आंघोळ शक्यतो मुक्कामाच्या न्हाणीघरात बादलीने करावी आणि गाडीतील शॉवर अडीअडचणीलाच वापरावा. भांडी आधी कागदाने पुसून मग धुवावीत.

शौचालयाची काढता येणारी टाकी बहुधा २० लिटरच्या आसपास असते आणि चार माणसांत ती दोन दिवसांत भरते. ती मालकाची परवानगी घेऊन पक्क्या शौचालयातच रिकामी करावी, नंतर भरपूर पाणी ओतावे आणि जागा आपल्या हाताने स्वच्छ करावी. ओढा, नाला, शेताचा बांध, रस्त्याकडेची चारी यांपैकी कुठेही ती ओतू नये. तेच पाणी पुढे कुणाच्या तरी विहिरीत झिरपते. तीव्र रसायनांमुळे सेप्टिक टँकमधले जीवाणू मरतात, म्हणून जैविक द्रावण वापरावे. भांड्यांचे व आंघोळीचे सांडपाणी साबण सौम्य असेल तर मालकाला विचारून झाडांच्या आळ्यात सोडता येते.

विजेबाबत गाडीवाले जे सांगतात ते पडताळून पाहावे. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे अडीच युनिट वीज. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो, म्हणजे बॅटरीवर तो दोन तासांपेक्षा फार चालत नाही. तेवढ्याच विजेवर पंखे, दिवे, मोबाइल आणि लहान फ्रिज रात्रभर व्यवस्थित चालतात. बाहेरून वीज घेताना किमान अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, अर्थिंग असलेली केबल वापरावी, तिचे वेटोळे पूर्ण उलगडावे आणि आधी सॉकेट टेस्टरने तपासावा; खेड्यांत व्होल्टेज वरखाली होते, तेव्हा एसी किंवा इंडक्शन लावू नये.

गॅससाठी पाच किलोची लहान टाकी पुरते. गाडी चालू असताना टाकीचा व्हॉल्व्ह बंद असावा, स्वयंपाक करताना खिडकी उघडी असावी, आणि अग्निशामक दाराजवळ हाताशी असावा.

पाचवी पायरी : रस्ता

मुंबई, नाशिक, वाशिम किंवा नागपूरकडून येणाऱ्यांना समृद्धी महामार्ग सोयीचा आहे. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. शहरासाठी सावंगी आणि माळीवाडा येथे उतरता येते, आणि वर सुचवलेल्या मुक्कामाच्या पट्ट्यासाठी माळीवाडाच जवळचे. काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर टायर तापतात, वजनदार व उंच गाडीला वाऱ्याचा झोत बाजूने ढकलतो, आणि एकसुरी रस्त्यामुळे डोळा लागतो. निघण्यापूर्वी टायर थंड असताना भरलेल्या गाडीसाठी सांगितलेला हवेचा दाब तपासावा, ताशी ८० किलोमीटरच्या आत राहावे, दर दीड-दोन तासांनी थांबावे आणि डिझेल आधीच भरून घ्यावे, कारण या महामार्गावर पंप व खानावळी जुन्या रस्त्यांइतक्या जवळजवळ नाहीत. नांदेड, परभणीकडून येणाऱ्यांनी जालन्यानंतर शहरातील जालना रोडवर न शिरता बाहेरच्या रस्त्याने वळावे.

निघण्यापूर्वी गाडीच्या आत एक फेरी मारावी: कपाटे लावलेली, टाकीचे झाकण घट्ट, छताची झडप बंद, वायर काढलेली, पायरी आत घेतलेली. ही फेरी दर वेळी एकाच माणसाने मारावी, म्हणजे दुसऱ्याने पाहिले असेल या समजुतीवर काही राहून जात नाही.

सोमवार : शहर, आणि तेही रिक्षाने

गाडी मुक्कामावर लावून शहरात रिक्षाने किंवा सिटी बसने जावे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या गावी नवे शहर वसवले, पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत त्याला औरंगाबाद हे नाव पडले, आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झाले. बावन्न दरवाजांचे शहर अशी त्याची ख्याती आहे. त्यांतील जे उरले आहेत त्यांत मलिक अंबरचा भडकल दरवाजा सर्वांत भारदस्त. मकाई, महेमूद आणि बारापुल्ला या दरवाजांपाशी खाम नदीवरचे जुने पूल अरुंद आहेत. शेकडो वर्षे उभ्या असलेल्या कमानीला आपल्या छतावरचा एसी घासणे हा केवळ भाड्याच्या अनामत रकमेचा प्रश्न नाही, त्यामुळे मोठी गाडी तिकडे नेऊच नये. गुलमंडी, सिटी चौक आणि शहागंज तर पायीच पाहण्याचे भाग आहेत.

पाणचक्कीला सकाळी जावे आणि तेथे वेळ द्यावा. बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याच्या आवारात ही पाण्यावर फिरणारी गिरणी आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरातले पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणून, उंच भिंतीत चढवून, वरून हौदात पाडले आहे, आणि त्याच्या जोरावर जाते फिरून यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. मलिक अंबरने शहराला पाणी पुरवण्यासाठी नहर खोदली, तेव्हापासून डोंगरातले पाणी उताराने आणण्याची ही विद्या या शहरात मुरलेली आहे. ज्या प्रवाशाने सकाळी टाकीतले लिटर मोजले आहेत, त्याला या व्यवस्थेचे मोल अधिक चांगले उमगते.

दुपार उतरल्यावर बीबी का मकबरा पाहावा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झाली; तिच्या रचनाकारांत अताउल्ला आणि हंसपत राय ही नावे प्रवेशद्वारावरील लेखात आहेत. ताजमहालाशी तुलना करून नाराज होण्यापेक्षा जवळ जाऊन पाहावे: संगमरवर कुठे संपतो आणि बसाल्टवरचा चुन्याचा गिलावा कुठे सुरू होतो, हे शोधताना त्या गिलाव्याच्या कारागिरीबद्दल आदर वाटू लागतो. मकबऱ्याच्या मागे डोंगरात सहाव्या-सातव्या शतकांतील बौद्ध लेणी आहेत, आणि त्यांच्याकडे जाणारे पर्यटक थोडे. गुरुवारच्या मोकळ्या वेळात ती अवश्य पाहावीत.

परतताना मांसाहारी मंडळींनी नान-खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, खाऊन घ्यावा. रात्री गाडीतला स्वयंपाक वाचतो, आणि भांड्यांचे पाणीही.

मंगळवार : दौलताबाद

किल्ल्याच्या पायथ्याच्या वाहनतळावर सकाळी उघडण्याच्या वेळी पोहोचावे. भिल्लम यादवाने बाराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी केलेली देवगिरी १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीने लुटली, आणि १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी येथे हलवताना तिला दौलताबाद हे नाव दिले. सुमारे २०० मीटर उंचीचा हा डोंगर खालून उभा तासलेला आहे आणि भोवती खंदक आहे. खंदक ओलांडल्यावर लागणारी अंधारी म्हणजे कातळातून कोरलेला, वळणावळणाचा काळोखा मार्ग. विजेरी प्रत्येकाकडे हवी. वटवाघळांचा दर्प सहन होत नसेल किंवा गुडघे दुखत असतील तर त्यापूर्वीचा भाग, म्हणजे चाँद मिनार, भारतमाता मंदिर, हत्ती हौद आणि गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह ज्यात कैद होता तो चिनी महाल, एवढेही समाधान देणारे आहे. वर बारादरीपर्यंत जाऊन येण्यास तीन तास धरावेत. माथ्याजवळ एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दन स्वामी यांचे स्थान आहे. तेथे थोडे बसावे.

गाडीच्या छताची झडप आणि खिडक्या बंद करूनच किल्ल्यात जावे. येथे, वेरूळला आणि अजिंठ्याला वानरे भरपूर आहेत, आणि डाळ-तांदळाचा वास आलेले वानर जाळी फाडून आत शिरते.

पुढचा रस्ता हा या सहलीतला सर्वांत अवघड प्रश्न आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाणारा सरळ रस्ता किल्ल्याच्या बाहेरील तटाच्या जुन्या दरवाजातून आणि मग घाटातून जातो. तेथे एका वेळी एकच वाहन जाऊ शकते आणि कोंडी नित्याची आहे. कार जाते म्हणून आपणही जाऊ, असे समजू नये. कॅम्परव्हॅन माळीवाडा, कसाबखेडामार्गे वेरूळकडे न्यावी. अंतर थोडे वाढते, पण दरवाजाचा दगड आणि आपले छत दोन्ही शाबूत राहतात. मोबाइलवरील नकाशा जवळचा म्हणून दरवाजाचाच रस्ता दाखवतो, तेव्हा थांब्यांत कसाबखेडा आधीच घालून ठेवावे. खुलताबादला वेरूळकडून वर चढून जाता येते. तेथे औरंगजेबाची साधी, उघड्या आभाळाखालची कबर, सूफी संतांचे दर्गे आणि मलिक अंबरचा मकबरा आहे. निद्रिस्त भद्रा मारुतीचे मंदिरही याच गावी. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. ब्रेकवर पाय दाबून उतरल्यास भरलेल्या गाडीचे ब्रेक तापतात.

बुधवार : वेरूळ

३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. सर्व लेणी एका दिवसात सारख्याच लक्षपूर्वक पाहणे शक्य नाही, म्हणून निवड करावी. लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे असल्यामुळे दुपारनंतर ऊन आत येते आणि मूर्ती उजळतात. सकाळी घृष्णेश्वराचे दर्शन घ्यावे. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात जीर्णोद्धार केलेले हे ज्योतिर्लिंग लेण्यांपासून जवळ आहे, आणि गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. वेरूळ हे मालोजीराजे भोसले यांचे गाव, हेही मुलांना आवर्जून सांगावे. मग दहावे, बारावे आणि कैलास लेणे पाहून, गाडीत जेवून विसावा घ्यावा आणि उन्हे कलल्यावर एकविसावे, एकोणतिसावे व जैन लेणी पाहावीत. जैन लेणी मुख्य समूहापासून किलोमीटरभराहून अधिक उत्तरेला आहेत, आणि बत्तिसाव्या लेण्यातील इंद्रसभेचे कोरीव काम थकलेल्या डोळ्यांनी पाहू नये.

कैलास लेणे आधी बाजूच्या डोंगरावरून पाहावे आणि मग आत जावे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, कळसापासून खाली कोरत आणलेले हे मंदिर आहे. ज्या खड्ड्यात ते उभे आहे तो सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि १०७ फूट खोल आहे. वरून पाहिल्याशिवाय हे खालून लक्षात येत नाही. कडेला कठडा सर्वत्र नाही, लहान मुलांचा हात सोडू नये.

शुक्रवार : अजिंठा

गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी पहाटे फुलंब्री, सिल्लोडमार्गे निघावे. अजिंठा गावापुढे घाट उतरल्यावर फर्दापूर येते. खासगी वाहने तेथल्या टी-पॉइंटलाच थांबवावी लागतात, आणि लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर तेथील बसने जावे लागते. कॅम्परव्हॅनवाल्यांना हे सोयीचेच आहे: वाहनतळ मोकळा आहे. लेण्यांत खाण्याचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून जेवण गाडीत करून मगच बस पकडावी आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवावी.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडलेली ही लेणी वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर आहेत. सर्वांत आधी पहिले लेणे पाहावे, कारण तिथले पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र पाहण्यासाठी पुढे रांग लागते. मग दुसरे, सोळावे, सतरावे, एकोणिसावे आणि सव्विसावे. चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत, आणि दमट हवेने व प्रकाशाने त्यांची हानी होते. फ्लॅश वापरण्यास बंदी आहे ती यासाठी. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही मिनिटे काही न पाहता उभे राहावे, मग भिंती हळूहळू बोलू लागतात. सव्विसाव्या लेण्यातील बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या शिल्पासाठी पाय आणि वेळ दोन्ही राखून ठेवावेत.

त्या रात्रीचा मुक्काम फर्दापुरातच, आधी ठरवून, करावा. थकलेल्या चालकाने अंधारात घाट चढू नये.

परतीचा मार्ग

खानदेश, विदर्भाकडे जाणारे फर्दापूरहून सरळ जळगावच्या रस्त्याला लागतात. बीड, लातूर, धाराशिवकडे परतणाऱ्यांनी शहराच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर असलेले पैठण वाटेत घ्यावे. सातवाहनांची ही राजधानी, गोदाकाठी एकनाथ महाराजांची समाधी, आणि हातमागावर पैठणी विणताना पाहण्याची संधी, एवढ्यासाठी अर्धा दिवस सहज जातो. नाथसागराकाठी हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. धरणाच्या भिंतीवर किंवा तिच्या रस्त्यावर गाडी उभी करू नये.

गाडी परत करण्याच्या आदल्या मुक्कामावर शौचालयाची टाकी रिकामी करून धुवावी, सांडपाण्याचा कॉक उघडून टाकी कोरडी करावी, गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून चुलीची नळी सुटी करावी आणि उरलेले स्वच्छ पाणी तिथल्याच झाडांना घालावे. ताब्यात घेतानाचे चित्रीकरण समोर ठेवून मालकाबरोबर पुन्हा तीच तपासणी करावी, छतावर चढून एसी व पॅनेलही पाहायला सांगावेत, आणि अनामत रक्कम हातात पडल्यावरच चाव्या द्याव्यात.